बेटाचा बेत

धाकटीच्या नवऱ्याने बेटावर जायचं जाहीर केलं तेव्हा ताईच्या तोंडात बिस्किट होतं. तिने ते मुद्दाम सावकाश चावलं, वर चहाचा घोट घेतला, कप बशीत ठेवला आणि मग म्हणाली, "वा."

त्या एका "वा"मध्ये तिने काय काय कोंबलं होतं ते खोलीतल्या कुणालाच कळलं नाही. आईला कमी ऐकू यायचं. भाचीचं डोकं फोनमध्ये होतं. धाकटी नवऱ्याकडे बघण्यात गुंग होती. आणि नवरा तर सभागृह टाळ्यांनी दणाणून गेल्यासारखा छातीवर हात ठेवून उभा होता.

ताई मनातल्या मनात त्याला उद्घाटनराव म्हणायची. कारण या गृहस्थांनी आयुष्यात उद्घाटनं सोडून दुसरं काही केलं नव्हतं. गच्चीवरच्या बागेचं उद्घाटन झालं. आता तिथे अठरा रिकाम्या कुंड्या आणि एक गंजकी झारी होती. गिटारीचं झालं, ती कपाटावर पालथी पडली होती. पलंगाखाली अळिंबी पिकवायचं झालं, तेव्हा धाकटी तीन आठवडे शिंकत होती. दर वेळी भाषण, नवी वही, नवं पेन, आणि दर वेळी धाकटीच्या डोळ्यांत तीच चमक, जणू हा माणूस जन्मात पहिल्यांदाच काहीतरी सुरू करतोय. ताईला उद्घाटनरावांपेक्षा त्या चमकेचाच जास्त राग यायचा.

उद्घाटनराव गाद्यांच्या दुकानात विक्रेते होते. "झोपून बघा" हे त्यांचं पेटंट वाक्य. रोज तीसचाळीस अनोळखी माणसांना बूट काढायला लावून ते आडवं करायचे आणि शेजारी उभं राहून हळू आवाजात विचारायचे, "कसं वाटतंय?" अशा धंद्यात माणसाच्या जगाबद्दल चुकीच्या कल्पना होणारच, असं ताईचं मत होतं. समोरचा आडवा होतो, डोळे मिटतो आणि "अहाहा" म्हणतो, हेच दिवसभर बघितल्यावर दुसरं काय होणार?

ताईचा धंदा बरोबर उलटा. ती दात बनवायची. टायरच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर एक लांबट खोली, जिन्यात रबराचा वास, आत प्लास्टरचा. खिडकीशी तिचं टेबल, टेबलावर गॅसची बारीक ज्योत, मेणाच्या गुलाबी पट्ट्या आणि कोरायच्या सुऱ्या. गावातले सात-आठ दंतवैद्य लोकांच्या तोंडाचे ठसे घेऊन तिच्याकडे पाठवायचे आणि ती त्यातून कवळ्या, दातांवर चढवायच्या टोप्या, पडलेल्या दातांच्या जागी बसवायचे पूल असं काय काय घडवायची. एकोणिसाव्या वर्षी ती या कामाला बसली, वडील गेले त्याच वर्षी. आता बावन्नावं चालू होतं. नखांत कायम प्लास्टर. तिला माणसांचे चेहरे दिसत नसत, जबडे दिसत. कोण झोपेत दात खातं, कोण एकाच बाजूने चावतं, कोण वरवर हसून आतून दात आवळतं, हे तिला ठशावरून कळायचं. तेहेतीस वर्षं माणसांच्या तोंडात डोकावून तिचा एक निष्कर्ष पक्का झाला होता: दिसतं तसं कुणाचंच काही नसतं, आणि बहुतेकांचं दिसतं त्याहून वाईट असतं.

याच कमाईवर तिने धाकटीला शिकवलं. धाकटी नऊ वर्षांनी लहान. वीज कंपनीच्या तक्रारखिडकीवर बसायची आणि दिवसभर लोकांचा आरडाओरडा ऐकून संध्याकाळी हसत घरी यायची. एवढी शहाणी मुलगी या गादीवाल्याच्या नादी कशी लागली, हे कोडं ताईला अठरा वर्षांत सुटलं नव्हतं. आई ताईजवळ राहायची, दोन खोल्यांत. धाकटीचं घर तीन गल्ल्या सोडून. दर रविवारी दुपारी सगळ्यांनी धाकटीकडे जमायचं, हा आईचा नियम.

तर त्या रविवारी उद्घाटनरावांनी भिंतीवर नकाशा चिकटवला. निळ्याभोर समुद्रात माशी बसावी एवढा एक ठिपका. त्याच्याभोवती लाल पेनाने वर्तुळ.

"आठ महिन्यांनी आपण पाचही जण इथे," ते म्हणाले. "सात दिवस. नारळाची झाडं, पांढरी वाळू, आणि पाणी असं की आपलीच पावलं आपल्याला दिसतात. आई, तुम्ही समुद्र बघितलाय का हो कधी?"

"काय?"

"समुद्र! समुद्र!"

"नाही बाई," आई म्हणाली. "रेल्वेतून एकदा दिसला असता, पण मी उलट्या बाजूला बसले होते."

"आता बघाल! माझी मात्र एक अट आहे. कुणीही फोनवर त्या बेटाबद्दल काहीही बघायचं नाही. फोटो नाही, व्हिडिओ नाही. गंमत जाते. सगळं माझ्यावर सोडा."

सगळं माझ्यावर सोडा! ताईने बशीतलं दुसरं बिस्किट उचललं.

लगेच कामांची वाटणी झाली. धाकटीकडे कपडे. भाचीकडे गाणी. आईकडे आशीर्वाद. ताईकडे औषधांची पेटी, कारण "तुम्ही वैद्यकीय क्षेत्रातल्या ना!" घरी परतताना आई वाटेत दोनदा थांबली आणि म्हणाली, "माणूस मोठ्या मनाचा आहे हो." ताई म्हणाली, "मोठ्या तोंडाचा." ते आईला ऐकू गेलं नाही, की तिने ऐकून सोडून दिलं, सांगता येत नाही.

बुधवारी ताई एका दंतवैद्याकडे तयार कवळी पोचवायला गेली. हे डॉक्टर वर्षातून दोनदा कुठे ना कुठे फिरून यायचे आणि आल्यावर महिनाभर रोग्यांच्या तोंडात हात घालून त्यांना प्रवासवर्णनं ऐकवायचे, म्हणजे मध्ये कुणी बोलणार नाही. त्या बेटावर ते जाऊन आले होते. ताईने महिना सांगितला तसे ते हातमोजे काढता काढता थांबले.

"त्या महिन्यात? त्या महिन्यात कोण जातं? वादळांचे दिवस ते. पाऊस असा कोसळतो की समोरचा माणूस दिसत नाही. अहो, तेव्हा हॉटेलवाले स्वतः सुट्टीवर जातात!"

ताई बाहेर आली आणि बसथांब्यावरच्या बाकावर बसून तिने कुटुंबाच्या ग्रुपवर निरोप लिहायला घेतला. 'एक सांगायचं होतं. तो महिना तिथे वादळांचा असतो. डॉक्टर म्हणाले. महिना बदलता आला तर बघावं.' चांगला, सरळ निरोप होता. पाठवायला बोट उचललं तेवढ्यात ग्रुपवर एक फोटो येऊन पडला. उद्घाटनराव स्वतःच्या स्वयंपाकघरात काळा चष्मा आणि गवताची हॅट घालून उभे, एका हातात लिंबाच्या सरबताचा ग्लास, मागे प्रेशर कुकर. खाली लिहिलं होतं: 'सराव सुरू!' त्याखाली लगेच धाकटीची सात हसणारी तोंडं.

ताईने त्या फोटोकडे बराच वेळ बघितलं. मग एकेक अक्षर खोडत निरोप पुसून टाकला.

पडू दे, तिच्या मनात आलं. एकदा चांगला तोंडघशी पडू दे. अठरा वर्षं याची उद्घाटनं बघतेय, एकदा समारोपही बघते.

त्यानंतर रविवार सुरू झाले. उद्घाटनरावांची फाइल वाढत चालली. बेटावर उतरल्यापासून परतीच्या विमानापर्यंत तासातासाचं वेळापत्रक. सामानाची यादी तीन रंगांत. डासांचं मलम, उन्हाचं मलम, उन्हाचं मलम लावून झाल्यावर लावायचं मलम. पाचही जणांनी एकाच दिवशी घालायचे फुलाफुलांचे शर्ट. ताईने आपला शर्ट दोन बोटांत धरून उचलला तेव्हा भाची म्हणाली, "मावशी, तू यात पडद्यासारखी दिसशील."

"आणि तुझा बाप सोफ्यासारखा," ताई म्हणाली. भाची खुदकन हसली. सतरा वर्षांची ही पोरगी ताईला मनापासून आवडायची. तीच काय ती या घरात डोळे उघडे ठेवून वावरते, असं तिला वाटायचं.

चौथ्या महिन्यात तिकिटं निघाली, म्हणजे या वेळी मामला उद्घाटनाच्या पुढे सरकला होता. ताईला आश्चर्य वाटलं. पण कीव आली नाही. उलट आता पडेल तो जरा जास्त उंचीवरून पडेल, एवढंच.

मग तो तरंगण्याचा वर्ग. आईला पाण्यात उतरवायचंच, असं उद्घाटनरावांनी घेतलं होतं मनावर. पण गावातल्या पोहण्याच्या तलावावर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला कोण घेणार? तेव्हा त्यांनी दुकानाच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मालकांकडून किल्ली घेतली आणि सगळ्यांना दुकानात नेलं. बाहेरचं शटर अर्धं खाली. आत ओळीने पंचवीस-तीस गाद्या, सगळ्यांवर कडकडीत प्लॅस्टिक. त्यांनी आईला सगळ्यात मऊ, पाण्याने भरलेल्या गादीपाशी नेलं, स्वतः वाकून तिच्या चपला काढल्या आणि म्हणाले, "झोपून बघा."

आई आडवी झाली. गादी डुचमळली. आईने दोन्ही हातांनी तिच्या कडा घट्ट धरल्या.

"कडा सोडा, आई. समुद्राला कडा नसतात. हात पसरा. मान सोडा. मी आहे ना इथे."

"बुडाले तर?"

"गादीत कोण बुडतं? सोडा, सोडा."

आईने एक हात सोडला, मग दुसरा. उद्घाटनराव गुडघ्यांवर बसून गादी हळूहळू हलवत होते आणि तोंडाने लाटांचा आवाज काढत होते. आईची पांढरी वेणी प्लॅस्टिकवर लोळत होती. आणि एकाएकी आई हसायला लागली. आवाज न करता, पोट हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. धाकटी शेजारच्या गादीवर पडून हसत होती. भाचीसुद्धा फोन बाजूला टाकून आडवी झाली होती.

ताई शटरपाशी उभी होती, चपला न काढता. केवढा हा बावळटपणा, ती स्वतःशी म्हणाली. एक प्रौढ माणूस गाद्यांच्या दुकानात गुडघे टेकून फुस्स फुस्स करतोय. आणि तरी तिचे डोळे आईच्या तोंडावरून हलेनात. वडील गेल्यापासून तिने आईला असं हसताना पाहिलं नव्हतं. आता सांगावं, असं तिला एक क्षण वाटलं. अजून महिना बदलता आला असता. पण सांगायचं म्हणजे त्या हसण्याच्या मध्ये उभं राहून सांगायचं, आणि मग पुढचा प्रश्न आलाच असता: तुला कधी कळलं?

दुकानातून निघताना धाकटीने तिला मागे ओढलं. "ताई, एक विचारू? तू खरं तेच सांगतेस म्हणून विचारते. हे जमेल ना गं? म्हणजे, यांचं तुला माहितीये. पण या वेळी मला फार जावंसं वाटतंय. खिडकीवर बसले की लोक ओरडत असतात आणि मी मनात त्या पाण्यात पाय सोडून बसलेली असते. जमेल ना?"

"जमेल की," ताई म्हणाली.

दोन शब्द. ते बोलताना तिची जीभ अडखळलीसुद्धा नाही.

निघायला पाच आठवडे राहिले तेव्हा उद्घाटनराव तिच्या खोलीवर आले. त्यांचे पुढचे दोन दात पिवळट होते आणि एकाचा कोपरा उडालेला. फोटोंसाठी त्यांना त्या दातांवर टोप्या हव्या होत्या. डॉक्टरांनी माप घेतलं होतं. रंग ठरवायला ताईकडे पाठवलं होतं. ताईने रंगांची पट्टी त्यांच्या ओठांशी धरली. सोळा छोटे दात, दुधाळ रंगापासून चहाच्या रंगापर्यंत.

"तुमचा हा," तिने अकरावा दाखवला.

"छे छे! हा. पहिला."

"तो माणसाच्या तोंडात नसतो. तो बेसिनचा रंग आहे."

"तोच द्या, ताई. तिथे ऊन असेल ना, त्यात चमकायला पाहिजेत." मग ते स्टुलावर बसून राहिले. बोलायचे थांबले, हेच नवल. खिडकीतून खाली टायर उतरवण्याचे आवाज येत होते. "ताई, हवामानाचं तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी एकदम विचारलं.

ताईने पट्टी पुसून डबीत ठेवली. "मला काय कळतंय हवामानातलं? मी दातवाली."

"हो, तेही खरंच," ते म्हणाले आणि उठले.

ताईने त्यांना हवे होते तसेच दात करून दिले. काम चोख केलं. माणसाचा राग कामावर काढायची तिला सवय नव्हती. फक्त रंग त्यांचा त्यांनी निवडला होता. पुढच्या रविवारी ते हसले तेव्हा खोलीत कुणीतरी ट्यूबलाइट लावल्यासारखं झालं.

निघायला अकरा दिवस उरले. शेवटची मोठी बैठक. कोपऱ्यात पाच बॅगा उभ्या, प्रत्येकीला पिवळी रिबीन. उद्घाटनरावांनी फाइल उघडली आणि पहिल्या दिवसापासून वाचायला सुरुवात केली. आई मान डोलवत होती. धाकटी हाताच्या नखांना रंग लावत बसली होती.

"रोज संध्याकाळी साडेसहा वाजता," उद्घाटनराव वाचत होते, "सर्वांनी किनाऱ्यावर ओळीने बसून सूर्यास्त पाहणे. बोलणे नाही. फक्त पाहणे."

"सूर्य असला तर," ताई म्हणाली.

इतके महिने तिने धीर धरला होता. विमानतळावर उतरल्यावर जो पाऊस लागला असता तो आपल्या डोळ्यांनी बघायचं तिने ठरवलं होतं. पण ते "बोलणे नाही, फक्त पाहणे" तिच्या डोक्यात गेलं.

"म्हणजे?" धाकटीने विचारलं.

"म्हणजे त्या महिन्यात तिथे वादळं असतात. सकाळ-संध्याकाळ पाऊस. शेंबड्या पोराला विचारलं तरी सांगेल. आठ महिने फाइल रंगवली यांनी, आणि आभाळाकडे बघायचंच राहिलं!"

अखेर बोलून टाकलं. तिला आतून गार गार वाटलं, ठणकणारा दात उपटल्यावर वाटतं तसं. तिने उद्घाटनरावांकडे बघितलं. आता तो चेहरा पडणार, फाइल मिटणार, पितळ उघडं पडणार.

चेहरा पडला, पण भलत्याच तऱ्हेने. चोरी पकडली गेल्यासारखा.

"मला वाटलं सगळ्यांना माहीतच आहे," भाची फोनमधून मान वर न करता म्हणाली. "नाहीतर आपल्याला परवडलं असतं का?"

धाकटी नवऱ्याकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

उद्घाटनरावांनी फाइल छातीशी धरली. "होतं," ते म्हणाले. "पण चांगल्या महिन्यात जायचं म्हटलं असतं ना, तर आपण कधी गेलोच नसतो. आणि तुला सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. रोज पडेलच असं नाही. मी रोज बघतो. मागच्या वर्षी सातांतले दोन दिवस ऊन होतं."

"म्हणून फोनवर बघायचं नाही."

"गंमत जाते," ते पुटपुटले.

किती फालतू माणूस, ताईच्या मनात आलं. साधा मूर्ख असता तर पत्करला असता. हा तर भित्रा निघाला. एवढ्यात धाकटीचा आवाज तिच्यावर येऊन आदळला.

"ताई, तुला कधी कळलं?"

"बुधवारी."

"कुठल्या बुधवारी?"

ताईने चहाचा कप उचलला. रिकामा होता. "पहिल्या."

"पहिल्या म्हणजे नकाशा लावला त्याच्या नंतरच्या?"

ताईने मान हलवली. धाकटीने बोटं हवेत तशीच धरली होती, रंग ओला होता. तक्रारखिडकीवर बसून बसून तिला आवाज न चढवता बोलायची सवय झाली होती, आणि ती सवय आत्ता फार भयंकर वाटत होती.

"दुकानातून निघताना मी तुला विचारलं. तू म्हणालीस, जमेल की."

"मला वाटलं..."

"यांनी मला फसवलं ते मला तिथे न्यायचं म्हणून. वेडेपणा केला, पण त्यासाठी केला. तू कशासाठी फसवलंस?"

ताईकडे उत्तर होतं. उत्तर तिला पहिल्या बुधवारपासून ठाऊक होतं. पण ते मोठ्याने उच्चारण्यासारखं नव्हतं. तिने दात आवळले, आणि आवळलेले तिला जाणवले.

"काय झालं?" आईने विचारलं. "पाऊस येतोय का?" आणि वाळत घातलेले कपडे काढायला ती बाल्कनीकडे निघाली. कुणी तिला अडवलं नाही. बाहेर लख्ख ऊन होतं.

धाकटीने दोन दिवस कुणाशीच बोलायचं नाही असं ठरवलं. तिसऱ्या दिवशी तिने कळवलं की आई, ती आणि मुलगी अशा तिघी जाणार. पावसात तर पावसात. बाकीच्या दोघांनी घरी बसून हवामान बघावं, कारण त्यांना त्यातलं फार कळतं. उद्घाटनरावांनी हूं का चूं केलं नाही. ताईनेही केलं नाही. तिचा स्वाभिमान आड आला, असं तिने स्वतःला सांगितलं. आईला सांगितलं की ताईला रजा मिळत नाहीये.

विमानतळावर दोघंही सोडायला गेले. उद्घाटनरावांनी तिन्ही बॅगा एकट्याने उचलल्या आणि फाइल धाकटीच्या हातात दिली. धाकटीने ती न उघडता ढकलगाडीवर ठेवली, आणि तिघी आत गेल्यावर ती फाइल तिथेच राहिली. काचेपलीकडे आई वळून वळून हात हलवत होती. तिने फुलांचा शर्ट घातला होता, साइज जरा मोठा. उद्घाटनराव काचेला नाक लावून उभे होते. मग त्यांनी फाइल उचलली, तिच्यावरची धूळ बाहीने पुसली आणि काखेत मारली. ताईला ते बघवलं नाही. ती बस धरून निघून आली, त्यांच्यासाठी थांबली नाही.

चौथ्या दिवशी ते तिच्या खोलीवर आले. दात टोचतोय म्हणाले. ताईने बघितलं, काहीही टोचत नव्हतं. ते स्टुलावर बसले.

"तिकडे आजही पाऊस आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे." तिनेही सकाळी बघितलं होतं. कालही, परवाही.

"फोन आला का तुम्हाला?"

"नाही. तुम्हाला?"

"नाही. पोहोचलो, एवढाच निरोप." त्यांनी हातातली हॅट फिरवली. बाहेर साधं ढगाळ होतं आणि हा माणूस गवताची हॅट घेऊन आला होता. "आई तरंगल्या असतील का हो, ताई?"

ताईने घासायचं यंत्र सुरू केलं. त्याच्या घरघरीत उत्तर द्यावं लागत नाही. चाकाला कवळी लावून ती घासत राहिली, गरजेपेक्षा जास्त वेळ. तिच्या मनातला तिरस्कार तसूभरही कमी झालेला नव्हता. फक्त आतापर्यंत तो स्टुलावर बसलेल्या एकाच माणसासाठी होता. आता त्यात दुसऱ्या कुणालातरी जागा करून द्यावी लागत होती, आणि ती गर्दी तिला सहन होत नव्हती. यंत्र थांबवून तिने वळून बघितलं तर ते निघून गेले होते.

आठव्या दिवशी तिघी परत आल्या. धाकटी काळवंडली होती, म्हणजे ऊन थोडंफार पडलं असावं. केस कसेतरी बांधलेले, पायांत ओळखू न येणाऱ्या रबरी चपला. नवऱ्याला बघून ती आधी ओठ दाबून उभी राहिली, मग त्याच्या खांद्यावर डोकं टेकून हसायला लागली. "छप्पर गळत होतं," ती म्हणाली. "तुमच्या त्या समुद्रदर्शनी खोलीचं छप्पर! समुद्र आत आला, दर्शनाला जायलाच नको!" उद्घाटनराव पांढरेशुभ्र दात दाखवत रडत होते. असं ओंगळ दृश्य ताईने क्वचितच बघितलं होतं.

ती पुढे झाली. "कसं झालं?" तिने धाकटीला विचारलं.

धाकटीने तिच्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. ताईला ती नजर ओळखीची वाटली. ती स्वतः रोज तशीच बघायची, टेबलावरच्या जबड्यांकडे.

"तुला कशाला सांगू?" धाकटी म्हणाली. "तुला सगळं आधीच माहीत असतं." आणि ती बॅगेचा पट्टा खांद्यावर घेऊन पुढे गेली.

दुपारी आई घरी, आपल्या खाटेवर. कानांत वारं शिरून तिला आता आणखीच कमी ऐकू येत होतं, त्यामुळे ती मोठ्याने बोलत होती. पहिल्या दिवशी वीज गेली. दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या मालकिणीने सगळ्यांना स्वयंपाकघरात बसवून घेतलं, तिथे एक बाई अशी गायली म्हणे की काय सांगू. तिसऱ्या दिवशी खिडकीसमोरचं आख्खं झाड आडवं झालं, "हे एवढं!" आईने हात पसरले. ताई खाटेच्या कडेला बसून तिच्या ओल्या बॅगेतून कपडे काढत होती. एकेक पिळून बादलीत टाकत होती.

"तुला रजा मिळायला हवी होती गं," आई म्हणाली. "तुझे मालक मेले मुलखाचे खत्रूड."

"हो," ताई म्हणाली. तिला मालक नव्हते. खोली तिची होती, काम तिचं होतं. आईला एरवी हे पक्कं ठाऊक होतं.

"मग चौथ्या दिवशी," आईने सुरुवात केली आणि तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, "चौथ्या दिवशी सकाळी पाऊस जरा थांबला, आणि तुझी बहीण मला म्हणाली, आई, चल, आत्ताच्या आत्ता..."

तिचे डोळे मिटले. प्रवासाने दमली होती.

ताई हातात ओला शर्ट धरून थांबली. "मग?" तिने विचारलं. मग जरा मोठ्याने, "आई, मग काय झालं?" आईचा श्वास संथ चालू होता, दोन्ही हात खाटेवर सैल पसरलेले. मग ताईने शर्ट पिळला, बादली उचलली आणि दोरीवर कपडे घालायला बाहेर गेली.